स्टीम डेक ओलेड: १५ वॉटमध्ये काय बसतं आणि काय नाही

हँडहेल्ड घ्यावं, कन्सोल घ्यावा की पीसी जोडावा, हा प्रश्न बहुतेक जण ग्राफिक्सवरून सोडवायला जातात आणि तिथेच अडकतात. खरा फरक विजेचा आहे. पीएस ५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॉट ओढतो. मध्यम गेमिंग पीसीतलं आरटीएक्स ४०६० हे नुसतं ग्राफिक्स कार्डच ११५ वॉटचं. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर त्यावर. स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा छोटा पीसी. त्याच्या चिपला मात्र सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स) मिळून जास्तीत जास्त १५ वॉट मिळतात. या यंत्राची सगळी बलस्थानं आणि सगळ्या मर्यादा या एका आकड्यातून निघतात, आणि तो आकडा हाताळता आला तरच यात घातलेले पैसे वसूल होतात.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने एलसीडी पडद्याचा पहिला डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आणला, ओलेड मॉडेल नोव्हेंबर २०२३ मध्ये. ओलेडमध्ये ६ नॅनोमीटरची चिप आहे: प्रोसेसरचे चार कोअर (झेन २ पिढीचे), ग्राफिक्सची आठ कॉम्प्युट युनिट्स (आरडीएनए २ पिढीची), १६ जीबी एलपीडीडीआर५ रॅम. कागदावरची ग्राफिक्सची ताकद १.६ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १.६ लाख कोटी आकडेमोडी. पीएस ५ ची १०.२८. हे आकडे शेजारी ठेवले की डेक दुबळा वाटतो, पण स्क्रीन विसरून चालणार नाही. १२८० बाय ८०० म्हणजे दहा लाखांच्या थोडे वर पिक्सेल. फोर-के टीव्हीवर जवळपास ८३ लाख. आठपट कमी पिक्सेल रंगवायचे असतात म्हणून १५ वॉट पुरतात. ७.४ इंचांवर ८००पी किरकिरं दिसेल अशी शंका पुष्कळांना असते. प्रत्यक्षात मेन्यूतली बारीक अक्षरं सोडली तर ते जाणवत नाही, आणि बारीक अक्षरांचा दोष टीव्हीसाठी मेन्यू बनवणाऱ्या गेमचा असतो, पडद्याचा नव्हे.

ओलेड स्क्रीनवर वेगळं बोलायला हवं, कारण एलसीडी मॉडेलपेक्षा ओलेड घ्यावा याचं सर्वांत मोठं कारण ती आहे. ६० ऐवजी ९० हर्ट्झ, एचडीआरमध्ये १००० निट्सपर्यंत उजेड, आणि काळा रंग खरोखर काळा. गुहा, रात्र, अवकाश असलेल्या गेममध्ये एलसीडीवर जो राखाडी धुरकटपणा दिसतो तो इथे अजिबात नाही. बॅटरी ४० वॉट-अवरवरून ५० वर गेली आणि वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० वर आलं. खेळण्याच्या वेगात मात्र फारसा फरक नाही. एलसीडीवर जो गेम रखडतो तो ओलेडवरही रखडेल.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. ५० वॉट-अवरला एकूण खपाने भागा. जड गेम मोकळा सोडला तर चिप १५ वॉट घेते. स्क्रीन, रॅम, वाय-फाय, पंखा धरून एकूण खप वीस-बावीसवर जातो, म्हणजे दोन तासांच्या थोडं पुढे. तोच गेम नीट बसवून एकूण १३ वॉटवर आणला तर पावणेचार तास. 'स्टार्ड्यू व्हॅली'सारखा हलका गेम सहा-सात वॉटवर आरामात चालतो, तिथे सात तास निघतात. कंपनी ३ ते १२ तास म्हणते. त्यातले बारा फार हलक्या वापरालाच लागू होतात.

आता बसवणं म्हणजे काय ते. उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चिन्हावर जा, आधी परफॉर्मन्स ओव्हरले (खेळताना पडद्यावर वीज आणि वेगाचे आकडे दाखवणारी पट्टी) आणि त्या गेमपुरतं प्रोफाइल चालू करा, नाहीतर एका गेमची सेटिंग दुसऱ्याला चिकटते. मग पहिल्यांदा फ्रेमची मर्यादा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते ठरवा; टीडीपी, म्हणजे चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, नंतर. क्रम उलटा केला की गोंधळ होतो, कारण मर्यादा नसलेला गेम मिळेल तेवढी वीज खातोच आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. जड गेमला ४० फ्रेम ठेवा. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, ४० ला २५, म्हणजे बरोबर मध्य. वीज ३० च्या जवळची, अनुभव ६० च्या दिशेने. ओलेड मॉडेल अशा वेळी पडदा आपोआप ८० हर्ट्झवर नेतो, त्यामुळे हालचाल तुटत नाही. त्यानंतर टीडीपी १५ पासून एकेक वॉटने उतरवत ओव्हरलेमधल्या फ्रेमटाइमच्या (प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळेच्या) रेषेकडे बघा. रेषा दातेरी झाली की एक वॉट वर या आणि थांबा.

हे गेममधल्या सर्वांत गर्दीच्या जागी करा. मोकळ्या माळरानावर ८ वॉट पुरले म्हणून तिथेच सोडलं तर शहरात शिरल्यावर गेम अडखळतो, कारण गर्दीत सीपीयू जास्त वीज मागतो आणि ती त्याच तुटपुंज्या वाट्यातून जीपीयूकडून काढून घेतली जाते. 'बाल्डर्स गेट ३'चा तिसरा अंक याचं ठळक उदाहरण: तिथे ग्राफिक्स कितीही खाली आणलं तरी सीपीयूची अडचण सुटत नाही. गेममध्येच फ्रेम मर्यादेची सोय असेल तर ती वापरून पाहा. सिस्टीमच्या मर्यादेने बटणाचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो आणि मारामारीच्या गेममध्ये तो कळतो.

चार्जरबद्दल फसगत फार होते. डेकला यूएसबी पीडी या सर्वसाधारण चार्जिंग पद्धतीवर १५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट लागतात. फोनच्या चार्जरवर ६५ किंवा ८० वॉट छापलेलं असतं, पण अनेकदा तो आकडा त्या फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो आणि पीडीवर तोच चार्जर बराच कमी देतो. मग चार्जर मंद असल्याची सूचना येते आणि खेळता खेळता टक्के उतरत राहतात. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा: '१५ व्होल्ट ३ अँपिअर' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पॉवर बँकेलाही हाच नियम. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. रूपांतरात जाणारी वीज वजा केली की डेक एकदा पूर्ण भरतो, फार तर थोडी उरते.

न चालणाऱ्या गोष्टी आधी समजून घ्या. डेकवर स्टीमओएस आहे, म्हणजे लिनक्स. विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात आणि एकट्याने खेळायचे बहुतेक गेम विनातक्रार चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' किंवा 'हेडीस' यांसारखे गेम तर हातात धरूनच खेळावेत असे आहेत. अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. 'व्हॅलोरंट' नाही, 'फोर्टनाइट' नाही, 'कॉल ऑफ ड्यूटी' नाही. 'जीटीए ५'ची कथा चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यापासून ऑनलाइन बंद. 'एपेक्स लेजंड्स'नेही २०२४ मध्ये लिनक्सचा दरवाजा लावला. रोज रात्री मित्रांसोबत यांपैकी काही खेळणाऱ्याने डेक घेऊ नये. त्याच्यासाठी पीसीच. डेकवर विंडोज टाकता येतं, पण बटण दाबून झोपवायची आणि तिथूनच उठवायची सोय बिघडते, आणि तीच तर या यंत्राची निम्मी किंमत आहे.

घरच्या टीव्हीसमोर पीएस ५ ला तोड नाही. डॉकने (टीव्हीची केबल लावायच्या जोडठोकळ्याने) डेक टीव्हीला जोडता येतो, पण ५५ इंचांवर १.६ टेराफ्लॉप्स लपत नाहीत. शिवाय टीव्हीवर चित्र पुसट दिसतं अशी तक्रार सर्रास असते. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये गेम रिझोल्यूशन 'डीफॉल्ट'वरच राहिलेलं असतं आणि डेक ८००पी चित्र ताणून दाखवतो. ते १९२० बाय १०८० करा, पण मग जड गेमची फ्रेम पडणार हे गृहीत धरा. २डी आणि जुन्या गेमसाठी डॉक उत्तम, नव्या मोठ्या गेमसाठी निव्वळ तडजोड. 'जीटीए ६'ची घोषणाही पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी झाली आहे, पीसीसाठी नाही. म्हणजे कुठलंही पीसी हँडहेल्ड त्यात येत नाही.

कन्सोलची गैरसोय मात्र आपल्याकडे जरा जास्त बोचते. रेस्ट मोडमध्ये ठेवलेल्या पीएस ५ ची वीज गेली की अर्धवट ठेवलेला गेम जातो, आणि पुन्हा चालू करताना स्टोरेज तपासणीचा पडदा येतो. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवरचा खटका यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ कन्सोलला झेपेलच असं नाही. विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या वर्गणीचे पैसे वेगळे, स्टीमवर ते लागत नाहीत. स्टीमवर किमती रुपयांत, यूपीआय चालतं आणि सेलमध्ये जुने मोठे गेम खूप उतरतात. दोन-तीन वर्षांत कन्सोल आणि डेक यांच्या किमतीतला फरक इथेच भरून निघतो.

विंडोजवरची हँडहेल्ड ताकदीत पुढे आहेत. आसुसचं आरओजी अ‍ॅलाय भारतात २०२३ मध्ये अधिकृतपणे ६९,९९० रुपयांना आलं, वॉरंटीसकट, आणि २५ वॉटवर ते डेकला सहज मागे टाकतं. पण पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॉट-अवरचीच, त्यामुळे त्या वेगात तासाभरात खेळ संपतो. १५ वॉटवर आणलं तर वाढीव ताकद बरीचशी विरते. त्याच्या १०८०पी पडद्यावर दुप्पट पिक्सेल असल्याने जड गेम शेवटी ७२०पीवर आणावेच लागतात. मायक्रोएसडी रीडर तापून कार्ड खराब होण्याची तक्रारही त्या पहिल्या मॉडेलची गाजलेली. अ‍ॅलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॉट-अवर केली, आणि दुखणं नेमकं कुठे होतं ते त्यावरूनच कळतं.

घरात आधीच चांगला पीसी किंवा पीएस ५ असेल तर डेकचा सर्वांत चांगला उपयोग स्ट्रीमिंगचा: गेम तिकडे चालतो, चित्र डेकवर येतं. त्यासाठी लागणारी अ‍ॅप्स अशी. पीसीवर सनशाइन, डेकवर मूनलाइट; पीएस ५ साठी चियाकी-एनजी, डेस्कटॉप मोडमधल्या डिस्कव्हरमधून. पीसी किंवा कन्सोल राउटरला केबलने जोडा, डेक ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. दोन्ही टोकं वाय-फायवर असली की चित्र तुटतं आणि दोष उगाच डेकला जातो. असं केलं की २०० वॉटचं चित्र सात-आठ वॉटच्या खर्चात पाहता येतं आणि बॅटरी सहा तासांच्या आसपास टिकते.

जागा कमी पडली तर पहिला उपाय मायक्रोएसडी. रीडर यूएचएस-१ चा असल्याने १०० एमबी प्रतिसेकंदापलीकडे महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही. एसएसडी बदलायची तर एम.२ चा २२३० हाच आकार बसतो, लॅपटॉपची २२८० नाही. आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन बॅटरी स्टोरेज मोड लावा. व्हॉल्यूम वाढवायचं बटण धरून पॉवर दाबलं की बायोस उघडतं. मग मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. हे विसरून मागचं झाकण उचललं की कार्डाचे दोन तुकडे होतात, आणि हा अपघात फार नेहमीचा आहे. ओलेडला आठ टॉर्क्स टी६ स्क्रू आहेत. एलसीडीला साधे फिलिप्स. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू वेगळे ठेवा. धातूचं आवरण काढल्यावर पहिल्यांदा बॅटरीची केबल सोडवा, मगच एसएसडीला हात लावा. जुन्या एसएसडीवरचं चंदेरी वेष्टन नवीवर चढवायला विसरू नका. वायरलेसमध्ये व्यत्यय येऊ नये म्हणून ते असतं. रिकव्हरी इमेज (नव्या एसएसडीवर स्टीमओएस टाकायची फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, व्हॉल्यूम कमी करायचं बटण धरून सुरू करा आणि री-इमेज निवडा.

भारतात व्हॉल्व्ह डेक अधिकृतपणे विकत नाही. मिळतो तो आयात केलेला, दुकानदाराचा नफा आणि कस्टम्स चढवून, आणि इथे कंपनीची वॉरंटी नाही. अमेरिकेत ओलेड आला तेव्हा ५१२ जीबी मॉडेल ५४९ डॉलरना आणि १ टीबी ६४९ डॉलरना होतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर ५१२ जीबी पुरे. वापरलेला घेताना विक्रेत्यासमोर डेस्कटॉप मोड उघडा आणि इन्फो सेंटरमधल्या एनर्जी पानावर बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता बघा. ५० पैकी ४० च्या खाली आली असेल तर किंमत पाडून मागा. कंट्रोलर सेटिंगमध्ये दोन्ही जॉयस्टिक सोडून दिल्यावर ठिपका मध्याला परत येतो का ते तपासा. पडदा काळा आणि मग करडा करून डाग पाहा. आणि मागच्या आठही स्क्रूंची डोकी बघा: झिजलेली असतील तर तो कुणीतरी उघडलेला आहे, आणि आत काय बदललं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.