रिबेस की मर्ज: मेनवरचे बदल आपल्या ब्रँचमध्ये कसे घ्यायचे?

आठवडाभर तुम्ही वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) काम करत होता, तेवढ्यात मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य ब्रँचवर, इतरांचे वीस-बावीस कमिट (नोंदवलेले बदल) येऊन पडले. ते आपल्याकडे घ्यायला गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, दोन वाटा आहेत. मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करा, नाहीतर आपली ब्रँच मेनवर रिबेस करा. शेवटी हाती येणारा कोड बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखाच असतो. इतिहास मात्र वेगळा लिहिला जातो, आणि ‘रिबेस विचित्र वागला’ ही तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते.

मर्ज जुन्या कमिटना हात लावत नाही. दोन पालक (आधीचे कमिट) असलेला एक नवा कमिट बनवतो आणि थांबतो. रिबेसच्या नावावरून वाटतं, ब्रँच उचलून दुसऱ्या पायावर ठेवली. तसं होत नाही. गिट तुमच्या एकेका कमिटमधला बदल घेऊन तो मेनच्या टोकावर नव्याने लावतं आणि दर वेळी नवा कमिट तयार करतं. कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, ठरतो त्यात पालकाचा हॅशही धरलेला असतो, त्यामुळे पालक बदलला की हॅश बदलणारच. जुने कमिट रिपॉझिटरीत तसेच पडून राहतात, फक्त ब्रँचचं नाव आता त्यांच्याकडे बोट दाखवत नाही.

दोन्हीकडे त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या असतील तर कॉन्फ्लिक्ट येतो आणि कोणती बाजू ठेवायची ते तुम्हाला ठरवावं लागतं. सगळ्यात जास्त फसवतं ते या वेळचं ‘आवर्स’ (आमचं) आणि ‘देअर्स’ (त्यांचं). मर्ज करताना तुम्ही स्वतःच्या ब्रँचवर उभे असता, म्हणून ‘आवर्स’ म्हणजे तुमचं काम. रिबेसमध्ये गिट आधी मेनच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट बाहेरून आल्यासारखे लावत जातं. तिथे ‘आवर्स’ म्हणजे मेन आणि ‘देअर्स’ म्हणजे तुम्ही. मी एकदा रात्री उशिरा रिबेस करताना दिसेल त्या कॉन्फ्लिक्टला ‘आवर्स’ घेत गेलो. रिबेस विनातक्रार पूर्ण झाला आणि त्या फाइलींमधलं माझं दोन दिवसांचं काम नाहीसं झालं. रिफलॉगमुळे (ब्रँच आधी कोणकोणत्या कमिटवर होती याची गिटने ठेवलेली नोंद) ते परत मिळालं; असे मागे सुटलेले कमिट मूळ सेटिंगनुसार रिफलॉगमध्ये 30 दिवस सापडतात. तेव्हापासून रिबेसआधी त्याच जागी एक जादा ब्रँच काढून ठेवतो. दोन सेकंदांचं काम आहे, पण मनाला स्वस्थता मिळते.

कॉन्फ्लिक्ट किती वेळा सोडवायचे, यातही फरक आहे. मर्जमध्ये सगळे एकदाच समोर येतात. रिबेसमध्ये एकच फंक्शन आठ कमिटमध्ये बदललं असेल, तर आठही वेळा थांबावं लागू शकतं. ‘रेरेरे’ ही गिटची सोय चालू केली, तर एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की तेच उत्तर लावतं. रिबेसच्या बाजूनेही सांगायला हवं: कॉन्फ्लिक्ट छोटे येतात आणि कोणत्या बदलापायी आले ते लगेच कळतं. मात्र नव्याने घडलेले मधले कमिट कोणी चालवून पाहिलेले नसतात. पुढे बायसेक्ट (चूक कोणत्या कमिटपासून आली ते शोधणारी आज्ञा) वापरणार असाल, तर ‘एक्झेक’ पर्याय देऊन प्रत्येक कमिटवर टेस्ट चालवा.

काही गोष्टी रिबेस गुपचूप वगळतो. तुमच्या ब्रँचमधले मर्ज कमिट मूळ सेटिंगमध्ये टाकून दिले जातात आणि इतिहास सरळ रेषेत येतो. त्या मर्जमध्ये सोडवलेले कॉन्फ्लिक्ट पुन्हा उभे राहू शकतात. ते टाळायला 2018 मध्ये आवृत्ती 2.18 पासून ‘रिबेस-मर्जेस’ पर्याय आला. तंतोतंत तोच बदल चेरी-पिक होऊन (एकटा कमिट उचलून लावला जाऊन) मेनवर आधीच गेला असेल, तर तुमचा कमिट गळतो. हे बहुतेकदा सोयीचंच असतं, पण कमिट मोजणारा माणूस दचकतो.

सगळ्यात चिवट प्रसंग स्क्वॉशचा, म्हणजे अनेक कमिट एकात मिसळण्याचा. तुम्ही पहिल्या ब्रँचवर दुसरी ब्रँच काढली. पहिलीतले पाच कमिट स्क्वॉश होऊन मेनवर एकच कमिट म्हणून गेले. आता दुसरी ब्रँच मेनवर रिबेस केलीत, तर गिटच्या दृष्टीने ते पाच कमिट मेनवर नाहीतच. एका मोठ्या कमिटशी त्यांतल्या कोणाचाच बदल जुळत नाही. मग गिट ते पुन्हा लावायला जातं आणि तुम्ही स्वतःच्याच कोडशी झुंजत बसता. इथे ‘ऑन्टो’ हा पर्याय हवा. त्याला तीन नावं द्यायची: नवा पाया म्हणून मेन, जुना पाया म्हणून पहिली ब्रँच, आणि हलवायची ती दुसरी ब्रँच. जुन्या पायाच्या पुढचेच कमिट हलतात. म्हणून पहिली ब्रँच घाईने पुसू नका. मर्जनेही हा पेच पुरता सुटत नाही. त्याच ओळी दुसऱ्या ब्रँचमध्ये आणखी बदलल्या असतील, तर कॉन्फ्लिक्ट येतातच.

ब्रँच आधी पुश केलेली (सर्व्हरवर पाठवलेली) असेल, तर रिबेसनंतर फोर्स पुश करून तिथला जुना इतिहास पुसून नवा ठेवावा लागतो, आणि खरा धोका तिथे आहे. सहकाऱ्याकडे जुने कमिट असतात. त्याने साधा पुल करून (सर्व्हरवरचे बदल ओढून) मर्ज केला, की जुने-नवे दोन्ही इतिहासात येतात आणि लॉगमध्ये तेच संदेश दोनदा दिसतात. ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा; सर्व्हरवर तुम्ही न पाहिलेलं काही आलं असेल तर ते पुश अडवतं. पण एडिटर पार्श्वभूमीला फेच करत (सर्व्हरवरची ताजी माहिती आणत) असेल तर तेही संरक्षण ढिलं पडतं. त्यासाठी आवृत्ती 2.30 मध्ये त्याच्या जोडीला वापरायचं ‘फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ आलं.

मर्जलाही त्याची किंमत आहे. दररोज मेन ओढून घेतलं की ब्रँचच्या इतिहासात कामाचे कमिट शोधावे लागतात. शिवाय मेनवर झालेला मर्ज रिव्हर्ट करून (उलटा कमिट लावून रद्द करून) पुढे तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली, तर जुने बदल परत येत नाहीत. आधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करावा लागतो. लिनक्स कर्नलची मार्गदर्शिका दोन्ही बाजूंनी बजावते: जगासमोर गेलेला इतिहास सहसा बदलू नका, आणि वरच्या ट्रीमधून (ज्यात आपलं काम पुढे जाणार त्या मुख्य रिपॉझिटरीतून) कारणाशिवाय मर्जही ओढू नका.

माझा निर्णय ब्रँच कोणाकोणाच्या हातात आहे यावर ठरतो. ती फक्त माझ्याकडे असेल, पुश झालेली असली तरी, मी रिबेस करतो. दुसऱ्या कोणी तिच्यावर एक जरी कमिट रचला असेल, तर मर्ज. माझ्या एकट्याच्याच ब्रँचवर तीस कमिट असतील आणि पहिल्या तीन-चार कमिटलाच कॉन्फ्लिक्ट येत राहिले, तर ‘अबॉर्ट’ करून (रिबेस मध्येच सोडून) मर्जकडे वळतो. आणि रिबेस पार पडल्यावर, पुश करण्याआधी, ‘रेंज-डिफ’ने (कमिटच्या दोन मालिकांमधला फरक दाखवणाऱ्या आज्ञेने) जादा ब्रँच आणि नवी ब्रँच शेजारी ठेवून बघतो. त्या रात्री हे एवढं केलं असतं, तर दोन दिवसांचं काम गेल्याचं तिथल्या तिथे दिसलं असतं.