कोमोडो की मानाडो? हातात आठच दिवस असतील तर

'बाली झालं, आता पुढे काय?' असं विचारणारे ओळखीतले लोक हल्ली वाढलेत. त्यातले बरेचसे कोमोडोचं आधीच ठरवून आलेले असतात, त्यांना फक्त 'बरोबर ना?' एवढंच ऐकायचं असतं. कोमोडो म्हणजे इंडोनेशियाचा पूर्व नुसा तेंगारा प्रांत: लाबुआन बाजो बंदर, फ्लोरेस बेट आणि तो राक्षसी घोरपडीसारखा ड्रॅगन. मी मग हळूच उत्तर सुलावेसी प्रांताचं, म्हणजे मानाडोचं नाव काढतो आणि समोरचा मोबाईलवर नकाशा उघडतो. दोन्हीकडे मी पदरचे पैसे घालून जाऊन आलोय, दोन्ही वेळा ऑगस्टात, दोन्ही वेळा आठ-नऊ दिवस. दोन्ही एकाच फेरीत उरकायचा विचार मात्र सोडा. नकाशावर वीतभर दिसणारं ते अंतर विमानं बदलता बदलता अख्खा दिवस खातं.

नुसत्या देखाव्याचा प्रश्न असेल तर फ्लोरेसकडचा भाग जिंकतो, वादच नाही. पादार बेटाच्या माथ्यावरून खाली तीन बाजूंना तीन अर्धचंद्राकृती किनारे दिसतात. ऑगस्टात डोंगर वाळून माण-खटावच्या माळासारखे पिवळे पडलेले, आणि त्यांच्या पायाशी एकदम निळंशार पाणी. ड्रॅगनबद्दल तर काय बोलावं! तिकडचे लोक त्याला 'ओरा' म्हणतात. कोमोडो गावात अशी कथा सांगतात की एका राजकन्येला जुळं झालं, एक माणसाचं पोर आणि एक ओरा, म्हणजे ते आपले भाऊबंदच. हे भाऊबंद हरीण फाडून खातात, त्यामुळे वनरक्षक पुढं टोकाला दुबेळकं असलेली लांब काठी घेऊन चालतो.

आता माझं दुखणं. लाबुआन बाजोत तुम्ही कोमोडोच्या राष्ट्रीय उद्यानात जात नाही, तुम्हाला नावेतून नेलं जातं. आम्ही एक दिवसाची वेगवान नाव घेतली होती. पहाटे साडेपाचला हॉटेलातून उचललं, दिवसात सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी नाव टेकली की तिच्यावरचा पोरगा ओरडायचा, "तिगा पुलुह मेनित!" तीस मिनिटं. पादारला तीस मिनिटं, त्यात चढण आणि वरच्या ठरलेल्या दगडावर फोटोसाठी रांग. गुलाबी वाळूवर तीस मिनिटं. मांटा मासे दिसतात तिथं तर त्याहून कमी, कारण मागे दुसऱ्या नावा उभ्या. कोमोडो बेटावर एक ओरा सावलीत पोट टेकून पडला होता, गोणपाटाची गुंडाळी टाकल्यासारखा. आमच्यातले सगळे फोटो काढून मोकळे झाले. मी आणि बायको जरा मागे रेंगाळलो. त्यानं आधी दुभंगलेली पिवळी जीभ बाहेर काढली, मग पुढचे पाय ताठ केले आणि उठला. त्याचं वजन मला तेव्हा कळलं. गळ्याखालची कातडी लोंबत होती, शेपूट वाळूत रेघ ओढत होती. दोन पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात धक्क्यावरून शिट्टी वाजली.

त्या शिट्टीला मी अजून माफ केलेलं नाही.

आमच्या वाट्याला तशी नाव आली असेल, हेही मान्य. दोन-तीन रात्री नावेवरच मुक्काम करणारे लोक जास्त निवांत असतात म्हणे, आणि पैसे सैल सोडले तर स्वतंत्र नावही मिळते. पण त्या नावाही थोड्याफार फरकानं त्याच जागी नांगर टाकतात. शिवाय समुद्र खवळला की बंदरातून नावा सोडतच नाहीत, मग आठातले दोन दिवस हॉटेलच्या सज्जात जातात.

फ्लोरेसचं खरं सुख आम्हाला समुद्रात नाही, डोंगरात मिळालं. वाए रेबो गावाला जायला आधी गाडीनं चार-पाच तास, मग दोन-अडीच तासांची चढण. ढगात सात उंच शंकूसारखी गवती घरं, 'म्बारू नियांग'. या घरांच्या जीर्णोद्धाराला २०१२ साली युनेस्कोचा वारसा-जतन पुरस्कार मिळाला. आल्याबरोबर मुख्य घरात जाऊन वडीलधाऱ्यांकरवी पूर्वजांची परवानगी घ्यायची, तोवर कॅमेरा बाहेर काढायचा नाही. रात्री चटईवर गोलाकार झोपायचं आणि सकाळी तिथल्याच बागेतली कॉफी. फ्लोरेसमधल्याच केलिमुतू डोंगरावरची तीन रंगांची तळी मात्र राहिली. लाबुआन बाजोहून रस्त्यानं ती फार लांब, आणि वळणं अशी की आंबाघाट सपाट वाटावा. मेलेल्यांचे आत्मे वय आणि कर्म पाहून त्या तीन तळ्यांत वाटले जातात, अशी तिथल्या लिओ लोकांची श्रद्धा आहे. या तळ्यांना तिकडे 'तिगा वार्ना' म्हणतात. तो वार्ना आपलाच 'वर्ण'.

मानाडो शहर पहिल्या भेटीत काही खास वाटत नाही. गर्दी, मॉल, चौकाचौकात चर्च. तिथून गाडीनं दोनेक तासांवर बातू पुतिह गाव, काळ्या वाळूचा किनारा आणि त्याला लागून तांगकोकोचं जंगल. संध्याकाळी पाचच्या सुमारास वाटाड्यानं आम्हाला वडाच्या जातीच्या एका पोकळ झाडापाशी नेलं आणि म्हणाला, "तुंगू." थांबा. एवढंच. पाऊण तास आम्ही उभे होतो. उजेड गेल्यावर आतून किडा किरकिरावा तसा बारीक आवाज आला, त्याला दुसऱ्यानं साथ दिली, आणि फटीतून टार्सिअर बाहेर आला. मुठीत मावेल एवढा जीव, बोटं बेडकासारखी, आणि डोळे इतके मोठे की एकेक डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो. धड न हलवता मान पूर्ण मागे फिरवून त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग नाकतोड्यावर झेप घेतली. नाकतोड्याचे पाय तोंडाबाहेर हलत होते. कुणी शिट्टी वाजवली नाही. परत फिरायचं का, हे वाटाड्यानं आम्हाला विचारलं.

सकाळी त्याच जंगलात काळी माकडं, 'याकी'. शेपूट नावालाच, डोक्यावर तुरा. भल्यामोठ्या टोळीत ती आमच्या पायांमधून, आम्ही नसल्यासारखी, चालत गेली. माकडानं स्वतःच काढलेला तो गाजलेला सेल्फी, ज्याच्या हक्कावरून अमेरिकेत खटला चालला, तो यांच्यातल्याच एकाचा. वर पाहिलं तर फांदीवर अस्वली कुस्कुस, कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला प्राणी. आशियातलं माकड आणि ऑस्ट्रेलियाकडचा पिशवीवाला एकाच झाडाखाली मान वर करून बघायला मिळतात, ही गंमत मला ड्रॅगनइतकीच मोठी वाटली. निसर्गाचा अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस १८५९ मध्ये याच भागात हिंडला होता. प्राण्यांची सरहद्द इथं कुठंतरी आहे हे त्याच्या डोक्यात का घोळत असेल, ते तिथं उभं राहिलं की पटतं.

पाण्याखालचं म्हणाल तर मी पट्टीचा पोहणारा नाही, नळी लावून तरंगणारा. त्या हिशेबात मला मानाडोसमोरचं बुनाकेन बेट जास्त आवडलं. गुडघाभर पाण्यातल्या प्रवाळावरून तरंगत जाता आणि एकाएकी खालची जमीन संपते, कड्यासारखी सरळ भिंत काळोखात उतरते. पोटात गोळा येतो. कासवं तर एवढी की तिसऱ्या दिवशी आम्ही मोजायचं सोडलं. पण पावसाळी वाऱ्याच्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, शहराकडचं प्लास्टिक वाहत येतं, तेव्हा जाऊ नका. मानाडोच्याच मासळीबाजारात १९९७ साली मधुचंद्राला आलेल्या अर्नाझ मेहता यांना हातगाडीवर सीलाकांथ दिसला होता. तोवर हा 'जिवंत जीवाश्म' मासा फक्त आफ्रिकेकडे आहे, असं समजत होते.

जेवणाच्या बाबतीत मी उघडउघड पक्षपाती आहे. लाबुआन बाजोत रात्री समुद्रकाठी भाजलेला मासा मस्त, पण भाव परगावच्या माणसाला बघून लावलेले. मानाडोत लोक स्वतः खायला बाहेर पडतात. सकाळी 'तिनुतुआन': तांदळाच्या पातळ पेजेत भोपळा, रताळं, मक्याचे दाणे, पालेभाजी आणि गेदीची पानं. गेदी ही भेंडीची सख्खी चुलत बहीण, त्यामुळे पेज किंचित बुळबुळीत. पहिल्या घासाला बायकोनं तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी ती माझ्या आधी दुकानात. जोडीला 'दाबू-दाबू', म्हणजे मिरची, टोमॅटो, छोटे कांदे चिरून वर लिंबू पिळलेलं. आपली कोशिंबीर आणि ठेचा यांच्या मधलं काहीतरी. तिकडे मिरचीला 'रिका' म्हणतात आणि ती हात राखून घालत नाहीत. कोल्हापूरकरांना परकं वाटणार नाही. शाकाहारींनी पेज सुखानं खावी, मात्र शेजारच्या लाल चटणीत धुरावलेली रोआ मासळी असते, ती आधी विचारून बाजूला ठेवायला सांगावी. मानाडोजवळच्या तोमोहोनचा बाजार बघायलाच हवा असं कुणी सांगेल. कुत्र्या-मांजरांचं मांस तिथं २०२३ पासून बंद झालंय, पण भाजलेली वटवाघळं आणि उंदीर ओळीनं मांडलेले असतात. पोट नाजूक असेल तर त्या वेळात सावांगानला जा. तिथं मिनाहासा लोकांची जुनी दगडी थडगी आहेत, 'वारुगा', घराच्या छपरासारखं झाकण असलेली. आत माणसाला उकिडवं बसवून ठेवत.

आमच्याबरोबर मूळचे म्हापशाचे एक काका होते. दोन्हीकडे पोर्तुगीज येऊन गेले हे त्यांना वाचून ठाऊक होतं, पण मानाडोत खानावळवालीनं खुर्ची पुढे सरकवत 'कादेरा' म्हटलं तेव्हा ते चमकले. कोंकणीत खुर्चीला 'कदेल', दोन्ही शब्द पोर्तुगीजांचेच.

ज्वालामुखींची धास्ती दोन्हीकडे सारखीच. २०२४ मध्ये एप्रिलात रुआंगनं मानाडोची आणि नोव्हेंबरात फ्लोरेसच्या लेवोतोबीनं बालीकडची विमानं अडवली. म्हणून शेवटचा दिवस मोकळा ठेवा.

बरोबर दहा-बारा वर्षांचं पोर असेल आणि त्यानं ड्रॅगनचा ध्यास घेतला असेल, तर त्याला मानाडोला नेऊन हिरमुसवू नका. लाबुआन बाजो घ्या, नाव दोन रात्रींची घ्या, आणि एका ठिकाणी किती वेळ थांबणार ते पैसे देण्याआधी लिहून घ्या. बाकीच्यांनी निदान एकदा मानाडोच्या विमानाचे भाव बघावेत. सिंगापूरहून थेट जाता येतं. तांगकोकोला लांब पायमोजे न्या आणि विजारीचे पाय त्यात खोचा. तिथल्या पाचोळ्यात डोळ्याला न दिसणारे किडे असतात. मी पहिल्या दिवशी ऐकलं नाही आणि पुढे आठवडाभर घोटे खाजवत होतो.