इंजिन बांधून घ्यायचं की दुसरं बसवायचं?

निळा धूर दिसू लागला, ऑइल वरचेवर टाकावं लागू लागलं, की गॅरेजमध्ये निकाल मिळतो, "इंजिन गेलं." नेमकं काय गेलं हे कळल्याशिवाय खर्चाची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, तसाच राहिला तर दोष वर, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये (सिलिंडरांवर बसणारं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग). हे न करताच इंजिन उतरवायला निघालेल्या मेकॅनिककडे मी गाडी सोडणार नाही.

दोष वरचा असेल तर दुरुस्तीच करा. बहुतेक गाड्यांत फक्त हेड उतरतं, इंजिन जागेवरच राहतं. सकाळी स्टार्ट करताना धूर येऊन लगेच थांबत असेल तर अनेकदा नुसते व्हॉल्व्ह सीलच खराब निघतात.

खरा पेच खालच्या कामाचा. खालून ठकठक येतेय, काढलेल्या ऑइलमध्ये चकाकणारा चुरा दिसतोय, तर दोन वाटा उरतात. बांधून घ्यायचं तर रिबोअर करून (बोअर कापून मोठा करून) 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग. वेळ खातं, आणि सगळी भिस्त मशीनवाल्याच्या हातावर. पण आत काय नवं पडलं ते तुम्हाला ठाऊक असतं. जुनं इंजिन आणून बसवणं झटपट होतं, बहुधा स्वस्तही; फक्त ते किती पळालंय, कधी तापलं होतं का, हे विकणाराच सांगणार. चालू करून ऐकायला मिळत नसेल तर मी घेणार नाही. ब्लॉकला तडा गेला असेल तर मात्र बदलणंच बरं. कंपनीचं नवं इंजिन उत्तमच, पण जुन्या गाडीत तेवढे पैसे घालायचे का, हे आधी खालचा पत्रा आणि गिअरबॉक्स बघून ठरवा.

काहीही ठरलं तरी इंजिन खाली उतरलेलं असतानाच क्लच प्लेट, मागचं क्रँक सील आणि वॉटर पंप बघून घ्या. नंतर क्लच किंवा सीलसाठी तीच मजुरी पुन्हा पडते. हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या. इंजिन बदललं आणि गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल, तर तो विम्याचं काम निघायच्या आधी बदलून घ्या.