गच्चीवरची टाकी, खालची मोटर: बिनतारी जोडणीसाठी ईएसपी-नाऊ, झिग्बी की लोरा?

इंदूरला रामबाग, नारायण बाग या भागांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या, पण पाण्याची रचना तीच राहिली. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी खालच्या हौदात पडतं आणि मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. टाकी भरली की मोटर आपोआप थांबावी, एवढीच आपली गरज. पाइपाशेजारून वायर नेता येत असेल तर वायरच न्या, तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. तशी सोय नसेल, तर टाकीवरचं यंत्र आणि मोटरवरचं यंत्र यांनी मधे राउटर न घेता थेट एकमेकांशी बोलायला हवं. त्यासाठी वाय-फायच्या चिपवर चालणारं ईएसपी-नाऊ, घरातल्या स्मार्ट दिव्या-प्लगांत असतं ते झिग्बी आणि लांब पल्ल्याचं, सावकाश बोलणारं लोरा असे तीन बिनतारी पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. ब्लूटूथही झपाट्याने चॅनेल (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातले कप्पे) बदलत इतर यंत्रांची गर्दी चुकवतं, पण चार स्लॅब ओलांडायला मी ते सुचवणार नाही.

तिघांनाही परवाना लागत नाही. ईएसपी-नाऊ आणि झिग्बी वापरतात तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. लोराचा ८६५ ते ८६७ चा पट्टाही त्याच वर्षी खुला झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. मात्र परवाना नाही, तसं संरक्षणही नाही. शेजारच्या यंत्रामुळे तुमचा संदेश बुडाला तर दाद मागता येत नाही. म्हणून यंत्र खरेदी करताना पल्ला किती हे मी नंतर बघते. गर्दीत ते कसं वागतं, हे आधी.

ईएसपी-नाऊ सगळ्यांत स्वस्त आणि जुळवायला सोपं. एका संदेशात २५० बाइट बसतात, टाकीची पातळी कळवायला ते भरपूर झाले. वाय-फायच्या शिस्तीप्रमाणे ते आधी चॅनेल ऐकतं आणि मोकळा दिसला तरच बोलतं. अडचण अशी की ऐकणारा गच्चीवर असतो आणि संदेश पोचायचा असतो तळमजल्यावर. वर सगळं शांत असतं, म्हणून टाकी बोलते. त्याच क्षणी खालच्या दुकानातला राउटर मोटरच्या शेजारी बोलत असतो, आणि मोटरपाशी दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात. दोघांनी नियम पाळलेला असतो, तरी संदेश वाया जातो. पोच न मिळाल्यास तो पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे बऱ्याचदा निभावतं. पण संध्याकाळी सगळ्या घरांतले राउटर जोरात असतात, तेव्हा या ‘बऱ्याचदा’वर मोटर सोडावी असं मला वाटत नाही. शिवाय भरलेली टाकी आणि सळयांचा स्लॅब २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच अडवतात.

झिग्बीही याच पट्ट्यात, ११ ते २६ अशा सोळा चॅनेलांवर चालतं. तेही आधी ऐकतं, पण त्याचा थांबण्याचा एकक ३२० मायक्रोसेकंदांचा, तर वाय-फायचा ९ किंवा २० चा. वाट मोकळी झाली की वाय-फाय आधी घुसतं. झिग्बीचा क्षीण आवाज तर राउटरला अनेकदा जाणवतही नाही. यावर उपाय आहे: आसपासचे राउटर वाय-फायच्या १, ६, ११ या चॅनेलांवर असतील तर झिग्बीला त्यांच्या मधल्या फटीतलं, झिग्बीच्या मोजणीतलं १५ किंवा २०, नाहीतर टोकाचं २५ द्या. मजल्यामजल्यावर झिग्बीचे प्लग किंवा दिवे आधीच असतील तर ते संदेश पुढे ढकलतात. मग झिग्बी नक्की घ्या. फक्त टाकीसाठी मात्र नको.

लोराची गोष्ट वेगळी. ८६५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब, भिंती-स्लॅब तिला तुलनेने कमी अडवतात, आणि या पट्ट्यात घरातले राउटर नसतात. पण साधं लोरा न ऐकताच बोलतं. ते निभतं ते फक्त थोडक्यात आणि क्वचित बोलल्यामुळे. इथे लोक चूक करतात: पल्ला वाढावा म्हणून स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती ताणून, सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) १२ लावून ठेवतात. १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर दहा बाइटचा संदेश फॅक्टर ७ ला सुमारे ४० मिलिसेकंद घेतो, १२ ला जवळजवळ एक सेकंद. तेवढा वेळ त्या चॅनेलवरच्या इतरांची वाट अडते. चार-पाच मजल्यांसाठी ७ पासून सुरुवात करा, गरज पडली तरच वर जा. चिपमध्ये चॅनेल तपासण्याची सोय असते, ती चालू करा. मॉड्यूल घेताना ८६५-८६८ चं आहे ना, हे पाहा. ९१५ चं अमेरिकेसाठी असतं, आणि त्याच्या पट्ट्याचा काही भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांकडे आहे.

मी टाकीसाठी लोराच घेईन. पातळी बदलली तरच संदेश, आणि मोटर चालू असताना दर दोन मिनिटांनी एक. तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी मोटरच्या बाजूला एक गोष्ट हवीच: लागोपाठ तीन संदेश आले नाहीत तर मोटर बंद. शेजारच्या इमारतीतही असंच यंत्र बसणार असेल तर दोघांनी वेगळ्या फ्रिक्वेन्सी ठरवून घ्या आणि आपापल्या डब्यावर ठळक लिहून ठेवा. पुढे दुरुस्तीला येणाऱ्याला त्या शोधत बसावं लागणार नाही.