द हाउस इन फाता मॉर्गाना: पावसाळ्यात वाचायचा एक काळोखा गेम

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्र, संगीत आणि मजकूर यांतून उलगडणारी गोष्ट. यात उड्या नाहीत, गोळीबार नाही. क्लिक करायचं आणि वाचायचं. या प्रकारात प्रौढांसाठी लिहिलेलं आणि माणसांच्या जोरावर उभं राहिलेलं काही हवं असेल तर नोव्हेक्टॅकल या छोट्या जपानी गटाचा 'द हाउस इन फाता मॉर्गाना' आधी घ्यावा. जपानीत तो 2012 च्या शेवटी आला, इंग्रजीत 2016 मध्ये. मराठी भाषांतर नाही. इंग्रजी कादंबरी सहज वाचणाऱ्याला अडचण येत नाही, पण मजकूर भरपूर आहे. तीसेक तास धरून चला.

आपण एका पडक्या हवेलीत जागे होतो. काहीच आठवत नाही. समोर एक मोलकरीण उभी असते आणि ती म्हणते, तुम्हीच या घराचे मालक. मग ती एकेका दारापाशी नेते. दारामागे 1603, 1707, 1869 आणि शेवटी 1099 ही सालं, आणि प्रत्येक काळात पांढऱ्या केसांची एक मुलगी.

खरी ताकद आहे ती माणसं रंगवण्यात. दशावतारात राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाचं काम करणारा नट, रंगमंचावर आली की रंगावरूनच कळतं, आता हा काय करणार. इथे तो रंगच हळूहळू पुसत नेलाय. तिसऱ्या दारातला धनाढ्य व्यापारी घ्या. बायको जवळ असूनही तो तिला मनातलं सांगत नाही, वर सत्तेचा आणि पैशाचा तोरा. वाचणाऱ्याला त्याचा संताप येतो, आणि यायलाच हवा. पुढे तीच हकीकत दुसऱ्या बाजूने येते तेव्हा त्याने केलेलं काहीही माफ होत नाही, फक्त ते कुठून आलं ते दिसतं. माफी न देता समजून घ्यायला लावणं फार अवघड काम आहे, आणि या लेखनाला ते जमलंय. काळोख्या गोष्टींकडे माणसं पुन्हा पुन्हा का वळतात, त्याचं उत्तर इथे मिळतं. नुसत्या रक्ताने हे साधत नाही. बाजारातले बरेच 'डार्क' गेम नेमके तिथेच फसतात.

रक्त मात्र आहे. दुसरं दार विशेष हिंसक आहे. लैंगिक अत्याचार, कुटुंबातला छळ, शरीरावरून होणारी विटंबना हेही पुढे येतं. उत्तान दृश्यांसाठी कोणी घेणार असेल तर घेऊ नये, ती यात नाहीत. पण घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर मुलं बसत असतील तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातलं पालक-नियंत्रण लावून ठेवा.

दोष एकच, पण मोठा. सुरुवात संथ आहे. पहिलं दार बऱ्याच जणांना साधंसुधं वाटतं आणि तिथेच गेम सुटतो. स्टीमवर पैसे परत मिळायची अट 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ अशी आहे. तेवढ्यात या गेमचा अंदाज येत नाही. निदान दुसरं दार संपेपर्यंत दम धरायची तयारी असेल तरच विकत घ्या.

आता कोकणातल्या पावसाळ्याचं. देवगड-मालवणकडे जोराचा वारा सुटला की आधी लाईट जाते, मग रेंज. गेम आधीच उतरवून ठेवा, नेट असताना एकदा सुरू करून बघा आणि मग स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी सेव्ह करा, नाहीतर वाचलेलं पुन्हा वाचत बसावं लागेल. पर्याय निवडायची वेळ क्वचितच येते. ती आली की जुन्यावर न लिहिता नव्या जागी सेव्ह करा, कारण काही निवडी गोष्ट अकाली संपवतात आणि मागे यावं लागतं. मजकूर भरभर पुढे पळवणारं स्किप फक्त वाचून झालेल्या भागापुरतंच वापरा. मजकुराचा वेग आपल्या वाचनाच्या वेगाला जुळवून घ्या. मजकूर आपोआप पुढे नेणारा ऑटो मोड नकोच, इंग्रजीतलं लांब वाक्य निम्म्यावर असताना पान पुढे जातं.

हेडफोन हवेतच. मूळ आवृत्तीत पात्रांना आवाज नाहीत, सगळा भार संगीतावर आहे, आणि त्यात गायलेली गाणीही बरीच आहेत. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना लॅपटॉपच्या स्पीकरमधून त्यातलं निम्मंसुद्धा ऐकू येत नाही. चित्रं नेहमीच्या अ‍ॅनिमेसारखी चकचकीत नाहीत, जुन्या तैलचित्रासारखी दाट आहेत, त्यामुळे ब्राइटनेस थोडा वाढवावा लागतो.

निन्टेंडोच्या स्विच या गेम-यंत्रावर 2021 मध्ये आलेल्या आवृत्तीत जोडकथाही एकत्र मिळतात. त्यातली 'अ रिक्वीम फॉर इनोसन्स' मूळ गोष्टीच्या आधीच्या काळातली आहे, म्हणून काही जण तिथूनच सुरुवात करतात. तसं करू नका. मुख्य गोष्टीतलं सर्वात मोठं गुपित तिथे उघड होतं. आधी हवेली पूर्ण वाचा, मग ती.