पोचे राहू द्या, पनाळ बघा : गारपिटीनंतरच्या पत्रा-दुरुस्तीचा एक अनुभव

निलंगा तालुक्यातील आमच्या गावच्या घराला गेल्या एप्रिलमध्ये गारपिटीचा चांगलाच मार बसला आणि त्यानंतर छताची दुरुस्ती आम्ही जवळच्याच गावातील एका पत्रा-मिस्त्रींकडून करून घेतली. छताचे काम कसे झाले हे मजुरी चुकती करताना कळत नाही, म्हणून एक अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसले. मिस्त्रींकडे आधीच कामे तुंबलेली असल्यामुळे आपले नाव कुठे छापू नये असे त्यांनी सांगितले आहे. तेव्हा त्यांनी काम कसे केले, कुठे चोख केले आणि कुठे कसर ठेवली, एवढेच येथे नोंदवते.

आमच्या घराच्या छताला इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा या भागातील दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. डोक्यावर माती नको, ही धास्ती त्यानंतर गावोगाव बसली. आमच्या सासऱ्यांनीही पुढच्याच वर्षी माळवद उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. हलके छत भूकंपाला बरे, पण गारांपुढे तेच नाजूक ठरते, हे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याला दाखवून दिले. त्या वेळी पुढच्या तीन खोल्यांवरचे सिमेंटचे पत्रे फुटले, म्हणून तेथे रंगीत लोखंडी पत्रे आले. मागच्या दोन खोल्यांवर जुनेच राहिले. आणि मधल्या पडवीवर उजेडासाठी फायबरचे दोन पारदर्शक पत्रे होते. एकाच घरावर तीन तऱ्हेची छते असल्यामुळे गारांनी कोणाचे काय केले, हे शेजारीशेजारी पाहायला मिळाले.

त्या दुपारी सव्वाचारच्या सुमारास आधी वाटाण्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या आणि शेवटी काही लिंबाएवढ्या गारा पडल्या. हे सगळे पंधरा मिनिटांत आटोपले. सासूबाई घरात एकट्याच होत्या आणि पत्र्याच्या आवाजात स्वतःची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती, असे त्या सांगतात. गारेचा आकार येथे फार महत्त्वाचा असतो. गार जितकी मोठी तितकी ती जड आणि तितकीच वेगवानही, त्यामुळे व्यास दुप्पट झाला की माऱ्याची ऊर्जा ढोबळमानाने सोळापट होते. सौर पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारतात, म्हणजे जवळपास सुपारीएवढी गार त्यात गृहीत धरलेली असते. शेजाऱ्यांचे पॅनेल शाबूत राहिले; आमच्या पाणी तापवण्याच्या सौरबंबाच्या वीसपैकी सहा काचनळ्यांचा मात्र चुरा झाला.

दुसऱ्या दिवशी मी लातूरहून पोहोचले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातील डबे पलंगावर रचून ठेवले होते आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरलेले होते. प्रथम शहरातील एका ठेकेदाराला बोलावले. त्यांनी अंगणात उभे राहून मोबाइलवर चार छायाचित्रे घेतली आणि सगळे छत बदलावे लागेल, ९८,००० रुपये होतील, असे पाच मिनिटांत सांगून टाकले. रंगीत पत्र्यांवर इतके पोचे पडले होते की मलाही ते खरे वाटले.

मिस्त्री आले ते शिडीकडे न जाता थेट घरात शिरले. ऐन दुपारी दारे-खिडक्या लावून घेऊन त्यांनी प्रत्येक खोलीत खालून छत न्याहाळले आणि जेथे उजेडाचा ठिपका दिसला त्याच्या सरळ रेषेत खाली भिंतीवर खडूने खूण केली. पुढच्या तीन खोल्यांत मिळून अशा खुणा चारच झाल्या, आणि त्या चारही स्क्रूच्या जागी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे गार असताना आणि ऊन तिरपे असताना ते वर चढले. मी पोच्यांविषयी विचारले तेव्हा म्हणाले, “ह्यो पत्रा पोचलाय, फुटला न्हाई, बाई. पोच्यातून पानी येत नसतंय. पानी कुठनं आलं ते बघू.”

ते कोठून आले, हे त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर दाखवले. ओघळ छताखालून कुठूनही सुरू झालेले नव्हते. पुढचे आणि मागचे छत जेथे पनाळीत, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या मधल्या पाटात, उतरते, बरोबर त्याच रेषेत, वीतभर रुंदीची काळी ओल होती. पनाळ अरुंद होती, तिच्यात आधीचा कडुनिंबाचा पाला होता, त्यावर गारा साचून बांध तयार झाला आणि मागून आलेले पावसाचे पाणी तुंबून पत्र्याच्या कडेखालून उलटे आत शिरले. म्हणजे सगळे पत्रे बदलून पनाळ तीच ठेवली असती, तर पुढच्या गारपिटीत नव्या छताखालीही डबे पलंगावरच गेले असते. एवढ्या एका निदानासाठी मी या मिस्त्रींना पैकीच्या पैकी गुण देईन.

गळतीचे दुसरे कारण स्क्रू. लोखंडी पत्रा स्क्रूने बसवतात तो पन्हळीच्या, म्हणजे पत्र्याच्या नागमोडी घडीच्या, माथ्यावर, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. स्क्रूच्या टोपीखाली रबराचा वायसर असतो आणि गळती थांबवण्याचे सगळे काम तोच करतो. मिस्त्रींनी काढलेले काही जुने वायसर मी हातात घेऊन पाहिले. दहा-अकरा उन्हाळ्यांनी त्यांना खडबडीत भेगा पडल्या होत्या आणि नखाने दाबले तर कडेचे तुकडे निघत होते. त्यात काही स्क्रू मुळातच इतके आवळलेले होते की वायसर चेमटून बाहेर आला होता आणि माथ्यावर वाटीसारखा खळगा झाला होता. गारांचा दणका आणि वाऱ्याचे वर खेचणे या दोहोंत असे स्क्रू ढिले होतात. नवे स्क्रू बसवताना मिस्त्रींनी आपल्या मुलाला बजावले ते मीही लक्षात ठेवले आहे : रबर टोपीच्या कडेतून जरासे डोकावले की थांबायचे. पुढच्या छतावरचे पत्रे तेच ठेवून सगळे स्क्रू बदलले; जेथे पोच्याच्या कडेला रंग तडकला होता तेथे घासून जस्ताचा प्रायमर आणि वर रंग लावला. रंग मूळ रंगाशी जुळलेला नाही आणि छत लांबून देवी आलेल्या चेहऱ्यासारखे दिसते. सासूबाईंची त्याला हरकत नाही, माझी थोडी आहे.

मागच्या दोन खोल्यांची गोष्ट वेगळी. सिमेंटचा पत्रा सहा मिलिमीटर जाडीचा असला तरी तो वाकत नाही, तडकतो. आणि तडा बहुधा खालच्या अंगाने सुरू होत असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला पत्रा साबूत वाटतो. खालून ओला ठिपका किंवा केसासारखी रेघ दिसली की तो गेला असे समजावे. उतरत्या एका बाजूच्या आठपैकी पाच पत्रे गेले होते. तेवढ्याच जागी लोखंडी पत्रे घालता येतील का, असे मी विचारले. पण दोन्ही पत्र्यांच्या पन्हळींचे माप जुळत नसल्यामुळे सांधा कधीच नीट बसत नाही, म्हणून ती पूर्ण बाजू लोखंडी केली आणि निघालेले तीन चांगले पत्रे दुसऱ्या बाजूच्या अडीअडचणीसाठी जपून ठेवले. या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. मिस्त्रींनी पत्रे पाण्याने भिजवून, हुक कापून, अख्खेच खाली उतरवले. पत्र्यांवर थेट पाय न देता आडव्या पाइपांवर फळी टाकून ते वावरले, हेही नमूद केले पाहिजे, कारण सिमेंटच्या पत्र्यातून माणूस आरपार खाली येतो. फुटके तुकडे नाल्यात टाकण्याचा त्यांचा विचार मात्र मला पटला नाही. ते ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठ्यामागे ठेवले आहेत. खुराड्यावर आणि शेळ्यांच्या निवाऱ्यावर असे तुकडे घालण्याची आपल्याकडची सवय सोडायलाच हवी.

साहित्य आणायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले होते. तेथे मिस्त्रींनी खिशातून मायक्रोमीटर काढला आणि दुकानदाराने ‘पन्नास’ (म्हणजे ०.५० मिलिमीटर) म्हणून दाखवलेल्या पत्र्याची जाडी मोजली. रंगाचा थर धरून अर्धा मिलिमीटर आणि निव्वळ पोलाद अर्धा मिलिमीटर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाव ठरवताना कोणती जाडी धरली आहे ते गिऱ्हाइकाने विचारावेच. ०.३५ मिलिमीटरचा स्वस्त पत्राही दुकानात होता. तो पाऊस अडवतो, परंतु गारांचे पोचे त्यावर खोल पडतात आणि चालतानाही तो दबतो. पडवीसाठी फायबरऐवजी पॉलिकार्बोनेटचे पत्रे घेतले. जुने फायबर उन्हाने ठिसूळ झाल्यामुळे त्याला गारांनी चाळणीसारखी भोके पाडली होती. पॉलिकार्बोनेटच्या एकाच अंगाला अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असतो आणि ते अंग आकाशाकडे हवे. वरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर तसे छापलेले असते. मिस्त्रींच्या मुलाने एक पत्रा उलटा बसवला होता. तो मिस्त्रींनी स्वतःहून काढून पुन्हा बसवला; एरवी ते माझ्या लक्षातही आले नसते.

खर्च असा झाला : आठ रंगीत पत्रे १६,८०० रुपये, पॉलिकार्बोनेटचे दोन पत्रे ६,६०० रुपये, स्क्रू, प्रायमर आणि सांध्यांची चिकटपट्टी मिळून २,४०० रुपये, तिघांची चार दिवसांची मजुरी ९,६०० रुपये आणि टेम्पोचे भाडे १,५०० रुपये, एकूण ३६,९०० रुपये. नव्या रुंद पनाळीचे आणि सौरबंबावरील जाळीच्या चौकटीचे पैसे वेगळे झाले. ती चौकट नळ्यांपासून अर्धा फूट वर आहे आणि काढता-घालता येते, कारण बारमाही ठेवली तर ऊन अडते. फाल्गुनात घालावी आणि मृग लागला की उतरवावी, असे सासूबाईंनी ठरवून टाकले आहे.

शासकीय मदतीविषयी विचारणा होईल म्हणून लिहिते. गारपीट ही आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आहे आणि २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांनुसार पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर ६,५०० रुपये, असा दर होता. तलाठ्यांनी पंचनामा केला, परंतु आमचे नुकसान त्या मर्यादेच्या खाली भरले. पंचनाम्याआधी ताडपत्री टाकायची झाल्यास छायाचित्रे काढून मगच टाकावी, आणि ती आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडावी. नुसत्या भोकावर पसरली तर वरच्या बाजूने वाहत येणारे पाणी तिच्याखाली शिरते. दाबायला दगड न ठेवता वाळूच्या गोण्या ठेवाव्यात. आमच्या गल्लीत त्या रात्री वाऱ्याने घरंगळलेल्या दगडांनीही दोन घरांचे पत्रे फुटले.

आता तक्रारी. कबूल केलेल्या दिवसापेक्षा मिस्त्री नऊ दिवस उशिरा आले आणि त्या नऊ दिवसांत दोनदा वळीव येऊन गेला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पनाळीकडची कडा जुळवताना त्यांनी पत्रे छतावरच ग्राइंडरने कापले. ग्राइंडरच्या ठिणग्यांतील लोखंडाचा तापलेला कीस आजूबाजूच्या रंगात रुतून बसतो आणि पहिल्याच पावसानंतर तेथे गंजाचे तांबूस ठिपके उठतात. आमच्या नव्या पत्र्यांवर ते ओंजळभर जागेत उठले आहेत. पत्रा कापायची कात्री त्यांच्या पिशवीत होती. घाईत ती बाहेर निघाली नाही. मी दाखवले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, ठिपके घासून रंग लावून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत स्वयंपाकघराची भिंत कोरडी राहिली. पडवीत एका सांध्यातून ऑगस्टमधील झडीच्या पावसात थेंब येत होते, ते चिकटपट्टी बदलल्यावर थांबले. मागच्या खोल्यांची दुसरी, अजून सिमेंटचीच असलेली बाजू दिवाळीनंतर बदलायची ठरली आहे. त्यासाठी मिस्त्रींनी इसार घेतलेला नाही, पण या वेळी तारीख त्यांच्याच हाताने सासूबाईंच्या कालनिर्णयावर लिहून घेतली आहे.