सेमाग्लुटाइड की टिर्झेपटाइड?
वहिनी, डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या औषधांचे हे दोन्ही पर्याय सांगितले आणि तुमचं ठरेना, म्हणून लिहिते.

दोन्ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदाच. मळमळ, बद्धकोष्ठताही दोन्हींत. वजनात टिर्झेपटाइड सरस: २०२५च्या थेट तुलनेत ७२ आठवड्यांत सरासरी २० टक्के घट, सेमाग्लुटाइडनं सुमारे १४. पण आधीच हृदयविकार असलेल्या लठ्ठ रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइडनं झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी घटवला. मला हे किलोंपेक्षा मोलाचं वाटतं.

औषध थांबवलं की वजन बरंचसं परततं, तेव्हा खर्च वर्षांच्या हिशेबानं धरा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर दोन्ही नकोत.

हृदयविकार असेल तर सेमाग्लुटाइड. तो नसेल आणि वजन बरंच उतरवायचं असेल, तर टिर्झेपटाइड.